सेलोफेनचे जनक: जाक ब्रँडनबर्गर

दिवाळी जवळ आली की महाराष्ट्रातील बाजारपेठांत आकाशकंदिलांच्या साहित्याबरोबर लाल, पिवळ्या, हिरव्या पारदर्शक कागदाच्या गुंडाळ्याही विक्रीला येतात. या कागदाला आपल्याकडे वर्षानुवर्षे ‘जिलेटिन पेपर’ म्हटले जाते. वस्तुत: जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून व कातड्यापासून काढतात आणि या कागदाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. मूळचा कागद होता सेलोफेनचा, म्हणजे शुद्ध वनस्पतिजन्य सेल्युलोजचा. आज त्याच नावाखाली जे विकले जाते ते बहुतांशी खनिज तेलापासून बनलेले प्लास्टिक असते. नाव मुळातच चुकीचे होते, पुढे द्रव्यही बदलले. ज्या स्विस रसायनतज्ज्ञाने हा पापुद्रा जगाला दिला, त्याचे नाव पाश्चात्त्य उद्योगविश्वात आजही आदराने घेतले जाते. महाराष्ट्रात मात्र ते फारसे कोणाच्या कानावर आलेले नसते.

शेतातील टाकाऊ मालापासून मातीत मिसळून जाणारे प्लास्टिक बनवण्याची चर्चा सध्या सर्वत्र ऐकू येते. उसाचे चिपाड, गव्हाचे काड, केळीचे खोड यांपासून पातळ पारदर्शक पापुद्रा तयार करण्याचे प्रयोग ठिकठिकाणी चालू आहेत आणि ही कल्पना अगदी नवी असल्याचा सर्वसाधारण समज आहे. तो खरा नाही. वनस्पतीच्या तंतूपासून बनलेला, मातीत पुरला तर काही आठवड्यांत नाहीसा होणारा पारदर्शक पापुद्रा शंभर वर्षांपूर्वीच कारखान्यांतून बाहेर पडू लागला होता. जगभर त्याचा संचार झाला, त्याने अमाप पैसा मिळवून दिला आणि नंतर तो मागेही पडला. हे सारे ज्यांच्यापासून सुरू झाले त्या जाक एडविन ब्रँडनबर्गर यांचे चरित्र म्हणूनच आज नव्याने पाहण्याजोगे आहे.

ब्रँडनबर्गर यांचा जन्म १९ ऑक्टोबर १८७२ रोजी स्वित्झर्लंडमधील झुरिच येथे झाला. रसायनशास्त्राचा अभ्यास त्यांनी बर्न विद्यापीठात केला आणि १८९५ मध्ये, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, सर्वोच्च श्रेणीत डॉक्टरेट मिळवली. त्या काळच्या स्वित्झर्लंडमधील ते सर्वांत तरुण डॉक्टरांपैकी एक होते. अशा बुद्धिमान तरुणाने विद्यापीठातच प्राध्यापकी करावी, अशी अपेक्षा असणे साहजिक होते. त्यांनी मात्र कापडाच्या धंद्याची वाट धरली. ते फ्रान्समध्ये गेले आणि पूर्वेकडील व्होज प्रांतातील थाओं या गावी कापड धुण्या-रंगवण्याच्या एका मोठ्या कारखान्यात दाखल झाले.

या कारखान्याचा इतिहासही लक्षात घेण्यासारखा आहे. १८७०-७१ च्या युद्धात फ्रान्सचा पराभव झाला आणि अल्सास प्रांत जर्मनीच्या ताब्यात गेला. फ्रान्सच्या कापड उद्योगाचे ते मोठे केंद्र होते. तेथील अनेक कारखानदारांनी सीमेच्या अलीकडे, व्होजच्या डोंगराळ भागात नव्याने बस्तान बसवले. थाओंचा कारखाना त्यातूनच १८७२ मध्ये, म्हणजे ब्रँडनबर्गर यांच्या जन्माच्याच वर्षी उभा राहिला. कापूस, कॉस्टिक सोडा, खळ, रंग आणि झळाळी या साऱ्यांचे व्यावहारिक शास्त्र तेथे रोजच्या रोज घडत होते. सेलोफेनचा उगम प्रयोगशाळेत शोधण्यापेक्षा या धोबीघाटात शोधणे अधिक योग्य ठरेल.

या शोधाची सुरुवात एका उपाहारगृहात झाली, असे सांगितले जाते. विसाव्या शतकाच्या आरंभीची ही गोष्ट. शेजारच्या टेबलावरील गिऱ्हाइकाच्या हातून वाइनचा प्याला कलंडला, पांढऱ्या शुभ्र चादरीवर लाल डाग पसरला आणि वाढप्याने ती चादर तत्काळ बदलली. ब्रँडनबर्गर यांच्या मनात आले की, कापडावर असा एखादा थर देता आला, की ज्यातून द्रव आत मुरणारच नाही आणि डाग फडक्याने पुसून टाकता येईल, तर किती बरे होईल! शोधांच्या कथांना अशी गोड सुरुवात नेहमीच चिकटवली जाते. न्यूटनचे सफरचंद आणि वॉटची किटली यांच्याच जातीची ही हकीकत आहे. पण तिच्यातला प्रश्न खरा होता, कारण कापडाला झळाळी आणि संरक्षण देणे हाच थाओंच्या कारखान्याचा व्यवसाय होता.

त्यासाठी लागणारे द्रव्यही तयार होते. १८९२ मध्ये इंग्लंडमध्ये क्रॉस, बेव्हन आणि बीडल या तिघा रसायनज्ञांनी ‘व्हिस्कोस’ नावाचे द्रावण शोधून काढले होते. सेल्युलोज पाण्यात विरघळत नाही आणि साखरेसारखे वितळतही नाही; तापवले तर ते जळून जाते. निसर्गाने झाडाचा सांगाडा उभा राहावा म्हणून जो पदार्थ घडवला, तो सहजासहजी विरघळणार तरी कसा? या तिघांनी आडवाट शोधली. लाकडाचा किंवा कापसाचा लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवायचा, पिळून त्याचा भुगा करायचा, तो काही काळ मुरू द्यायचा आणि मग त्यात कार्बन डायसल्फाइड हा बाष्पशील, ज्वालाग्राही द्रव मिसळायचा. भुग्याला नारिंगी रंग चढतो. तो सौम्य कॉस्टिक सोड्यात टाकला की विरघळतो आणि मधासारखे दाट द्रावण तयार होते. हे द्रावण आम्लात सोडले की कार्बन डायसल्फाइड सुटून जातो आणि सेल्युलोज पुन्हा मूळ रूपात घट्ट होते. बारीक छिद्रांतून सोडले तर धागा मिळतो. त्यालाच पुढे रेयॉन हे नाव मिळाले.

ब्रँडनबर्गर यांनी हे व्हिस्कोस कापडावर पसरून पाहिले. प्रयोग फसला. कापड पुठ्ठ्यासारखे ताठ झाले, टेबलावर पसरण्याच्या लायकीचेही राहिले नाही. मात्र त्यावर बसलेला थर अलगद सोलून निघतो आणि तो काचेसारखा पारदर्शक असतो, हे त्यांच्या ध्यानात आले. चादरीचा नाद सोडून ते त्या सालपटाच्या मागे लागले. त्यांचे मोठेपण या निर्णयात आहे, कारण त्या वेळी असल्या पापुद्र्याची कोणालाही गरज नव्हती आणि तो कशासाठी वापरायचा हे त्यांनाही सांगता आले नसते.

सालपट सोलणे सोपे होते. अखंड, एकसारख्या जाडीचा, न सुरकुतणारा पापुद्रा मैलोगणती काढणे ही मात्र निराळीच गोष्ट होती. त्यात जवळपास दहा वर्षे गेली. सुरुवातीचे पापुद्रे जाड आणि ठिसूळ निघत. द्रावणात हवेचा एक बुडबुडा राहिला तरी पापुद्र्याला भोक पडे, म्हणून द्रावण गाळून आणि निर्वात करून घ्यावे लागे. ते लांबलचक, केसासारख्या अरुंद फटीतून आम्लाच्या हौदात सोडायचे. तेथे घट्ट झालेला ओला, दुबळा पडदा न तुटता रुळांवरून एकामागून एक हौदांतून ओढत न्यायचा. आम्ल धुवायचे, गंधक काढायचे, रंग उडवायचा, शेवटी ग्लिसरीनमध्ये बुडवून मऊपणा आणायचा आणि तापलेल्या रुळांवर वाळवायचा. ग्लिसरीनची युक्ती महत्त्वाची, कारण तिच्याशिवाय वाळलेला पापुद्रा हातात चुरगळताच तडकतो. १९०८ मध्ये ब्रँडनबर्गर यांनी हे सारे करणारे पहिले यंत्र तयार केले. १९१२ पर्यंत विकता येईल असा पातळ, लवचीक पापुद्रा त्यांच्या हाती आला होता. यंत्राची आणि मूळ कल्पनेची पेटंटेही त्यांनी मिळवली. व्हिस्कोस त्यांचे नव्हते, सेल्युलोज तर कोणाचेच नव्हते. त्यांचे होते ते यंत्र. शोधकाची ख्याती रसायनाला मिळते आणि घाम यंत्रावर गाळलेला असतो, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

सेल्युलोज आणि पारदर्शक या अर्थाचा फ्रेंच शब्द ‘दियाफान’ यांच्या जोडणीतून त्यांनी ‘सेलोफेन’ हे नाव घडवले. फ्रान्समधील कृत्रिम रेशमाच्या उद्योगसमूहाचे भांडवल मिळून त्याच नावाची कंपनी उभी राहिली. १९१७ मध्ये ब्रँडनबर्गर यांनी आपली पेटंटे तिच्या स्वाधीन केली आणि ते स्वत:ही तिच्यात दाखल झाले. पॅरिसजवळच्या बेझों येथे तिचा कारखाना होता. पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून बचाव करणाऱ्या मुखवट्यांसाठी या पापुद्र्याचा उपयोग झाला. शांततेच्या काळात तो अत्तराच्या कुप्या आणि महागड्या मिठाया यांभोवती दिसू लागला. अमेरिकेतील फिलाडेल्फियाची व्हिटमन ही चॉकलेट कंपनी १९१२ पासूनच तो फ्रान्समधून मागवत होती. थोडक्यात, सेलोफेन ही तेव्हा चैनीची वस्तू होती.

तिला घराघरात नेले अमेरिकेने. १९२३ च्या डिसेंबरात ड्यू पाँ कंपनीने उत्तर आणि मध्य अमेरिकेपुरते उत्पादनाचे हक्क घेतले आणि १९२४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील बफेलो येथे कारखाना सुरू केला. त्या वर्षी एका पौंडाला अडीच डॉलरहून अधिक भाव पडत असे. उत्पादन वाढवायचे आणि भाव पाडत जायचे, हे धोरण कंपनीने धरले आणि १९४० च्या सुमारास तो भाव चाळीस सेंटच्या आसपास आला. मात्र केवळ स्वस्ताईने हे साधले नाही. ब्रँडनबर्गर यांच्या पापुद्र्यात एक मूलभूत उणीव होती. त्यातून पाण्याचा थेंब गळत नसे, पण पाण्याची वाफ आरपार जात असे. मिठाईला धूळ लागत नसे, पण ती मऊ पडे. सिगार सुकून जात. पाव शिळा होई. सेल्युलोजला मुळातच पाण्याची ओढ असते. पावसाळ्यात दारे-खिडक्या फुगतात त्याचे कारण तेच, आणि सेलोफेन ओलाव्याने सैल पडतो त्याचेही कारण तेच.

ड्यू पाँमधील विल्यम हेल चार्च या तरुण रसायनज्ञाने दोन हजारांहून अधिक मिश्रणे तपासून १९२७ मध्ये यावर उपाय काढला. नायट्रोसेल्युलोज आणि मेण असलेल्या रोगणाचा अत्यंत पातळ हात पापुद्र्यावर फिरवायचा, की वाफ अडते! यानंतर बिस्किटे, पाव, सिगारेटची पाकिटे, मांस, भाजी असे सारेच सेलोफेनमध्ये बांधले जाऊ लागले. १९२८ ते १९३० या दोनच वर्षांत अमेरिकेतील विक्री तिप्पट झाली. १९३८ मध्ये ड्यू पाँच्या एकूण विक्रीत सेलोफेनचा वाटा दहा टक्के होता, पण नफ्यात तो पंचवीस टक्के होता. वस्तू उघडी न करता पाहता येऊ लागली आणि गिऱ्हाइकाने स्वत:च फळीवरून माल उचलण्याची पद्धत रुळायला सेलोफेनचा मोठा हातभार लागला. १९३० मध्ये अमेरिकेत आलेली पारदर्शक चिकटपट्टीही याच पापुद्र्यावर डिंक चढवून केलेली होती. या साऱ्यात एक किंमत मोजली गेली, तिकडे मात्र त्या वेळी कोणाचेच लक्ष नव्हते: रोगण चढलेला पापुद्रा मातीत जिरायला अधिक वेळ घेतो. साधा सेलोफेन दोन महिन्यांच्या आत संपतो, रोगण असलेल्याला तीन-चार महिने लागतात. आजच्या प्लास्टिकच्या मानाने हा काळ क्षुल्लकच म्हणायचा. पण टिकाऊपणा आणि विघटन यांचे वैर तेव्हापासूनचे आहे.

वाफ आरपार जाऊ देणारा हा दुबळेपणा एका ठिकाणी जीवनदायी ठरला. १९४३ मध्ये जर्मनांच्या ताब्यातील हॉलंडमध्ये, कांपेन या गावच्या रुग्णालयात, विलेम कोल्फ हे डॉक्टर मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांसाठी यंत्र बनवण्याच्या खटपटीत होते. सॉसेज भरण्यासाठी मिळणारी सेलोफेनची सुमारे वीस मीटर नळी त्यांनी लाकडी पिंपाभोवती गुंडाळली, तीतून रुग्णाचे रक्त खेळवले आणि पिंप क्षारयुक्त पाण्यात फिरवत ठेवले. युरिया सेलोफेनच्या सूक्ष्म रंध्रांतून बाहेरच्या पाण्यात उतरे. रक्तपेशी आणि प्रथिने आत राहत. पहिले अनेक रुग्ण दगावले. १९४५ मध्ये सदुसष्ट वर्षांची एक स्त्री या यंत्रामुळे वाचली आणि डायलिसिसचे युग सुरू झाले. टेबलावरची चादर डागांपासून वाचवायला निघालेल्या माणसाच्या पापुद्र्याने हे काम केले. ब्रँडनबर्गर तेव्हा हयात होते.

या वैभवशाली कथेची दुसरी बाजूही आहे. मातीला निरुपद्रवी असलेला हा पापुद्रा बनवणाऱ्या माणसांना निरुपद्रवी नव्हता. द्रावणासाठी लागणारा कार्बन डायसल्फाइड मज्जासंस्थेवर घाला घालतो. हे रहस्य नव्हते. पॅरिसमधील रबर कामगारांना त्यामुळे भ्रम, नैराश्य आणि हातापायांचा लुळेपणा येतो, असे ऑग्युस्त देल्पेक या फ्रेंच वैद्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच नोंदवले होते. रेयॉन असो वा सेलोफेन, द्रावण एकच आणि आम्लाच्या हौदातून सुटणारी वाफही एकच. १९३० च्या दशकाच्या अखेरीस औद्योगिक आरोग्याच्या अभ्यासक डॉ. अॅलिस हॅमिल्टन यांच्या पुढाकाराने अमेरिकेतील पेन्सिल्व्हानिया राज्यात व्हिस्कोस कामगारांची पाहणी झाली, तेव्हा मानसिक आजार आणि नसांचे विकार मोठ्या प्रमाणावर आढळले. पुढे हृदयविकाराशीही या वाफेचा संबंध सिद्ध झाला. दक्षिण कोरियातील वोनजिन रेयॉन या कारखान्यातील शेकडो कामगार याच विषाने कायमचे अधू झाले. तो कारखाना १९९३ मध्ये बंद पडला.

हवा खेळती ठेवून, वाफ पकडून पुन्हा वापरून हा धोका बराच कमी करता येतो आणि चांगले कारखाने ते करतातही. तरीही जी वस्तू निसर्गात निमूट मिसळून जाते तिची निर्मितीही तितकीच निर्मळ असेल, हे गृहीत धरण्यात मोठी चूक आहे. ब्रँडनबर्गर यांच्या कीर्तीचा हिशेब मांडताना ही बाजू वगळणे कामगारांवर अन्याय करणारे ठरेल. अर्थात, या विषाचा वापर त्यांनी सुरू केला नव्हता, तो त्यांना वारशाने मिळाला होता, हेही तितकेच खरे.

मानसन्मान त्यांच्याकडे चालत आले. १९३७ मध्ये फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटने त्यांना इलियट क्रेसन पदक देऊन गौरवले. त्याच वर्षी इंग्लंडमधील ब्रिजवॉटर येथे सेलोफेनचा मोठा कारखाना सुरू झाला. गंधकाच्या उग्र वासासाठी ते गाव पुढे कित्येक दशके ओळखले गेले. १३ जुलै १९५४ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी, ब्रँडनबर्गर यांचे झुरिच येथेच निधन झाले. त्यांच्या कन्येने पुढे वडिलांच्या नावे प्रतिष्ठान स्थापण्यासाठी आपली संपत्ती ठेवली. मानवहितासाठी झटणाऱ्या स्विस व्यक्तींना त्या प्रतिष्ठानाचा पुरस्कार १९९० पासून देण्यात येऊ लागला. वीस-बावीस मायक्रॉन जाडीच्या पापुद्र्यातून आलेला हा पैसा होता.

त्यांच्या मृत्यूच्या अवघे चार महिने आधी, ११ मार्च १९५४ रोजी, इटलीत मिलान येथे ज्यूलिओ नात्ता यांनी पॉलिप्रॉपिलिन तयार केले. ब्रँडनबर्गर यांच्या पापुद्र्याला बाजारातून हुसकावणारे द्रव्य ते हेच. पॉलिथिन त्याआधीच, १९३३ मध्ये, इंग्लंडमध्ये हाती लागले होते. दोन्ही बाजूंनी ताणून बनवलेला पॉलिप्रॉपिलिनचा पापुद्रा १९६० च्या दशकात आला. तो सेलोफेनइतकाच पारदर्शक, अधिक चिवट आणि ओलाव्याला मुळीच दाद न देणारा होता. शिवाय हलका. एका किलोत जेवढा सेलोफेन मिळे, त्याच्या दीडपटीहून अधिक पापुद्रा एक किलो पॉलिप्रॉपिलिनमधून निघे. तो बनवायला सोडा, आम्ल, गंधक, हौद यांतले काहीच लागत नसे. दाणे वितळवायचे आणि ताणायचे. हिशेबाच्या वहीत सेलोफेनचा टिकाव लागणे शक्यच नव्हते.

गंमत म्हणजे, ही हार होऊ घातली होती त्याच सुमारास अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात ड्यू पाँवर सेलोफेनच्या मक्तेदारीचा खटला चालू होता. १९५६ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला. सेलोफेनच्या बाजारात कंपनीचा वाटा सुमारे पाऊण असला तरी गुंडाळण्याच्या सर्व लवचीक साधनांच्या बाजारात तो वीस टक्क्यांहूनही कमी आहे आणि गिऱ्हाइकाला इतर पर्याय खुले आहेत, असे न्यायालयाने मानले. अर्थशास्त्राच्या वर्गांत हा निकाल अजून वादासाठी घेतला जातो. पर्याय खुले होते याबद्दल मात्र पुढच्या तीस वर्षांत शंका उरली नाही. १९८० च्या दशकात ड्यू पाँ सेलोफेनच्या धंद्यातून बाहेर पडली. ब्रिजवॉटरचा कारखाना २००५ मध्ये बंद झाला. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील राष्ट्रीय शोधक दालनात ब्रँडनबर्गर यांच्या नावाचा समावेश झाला.

हिशेबाच्या वहीत एक रकाना राहून गेला होता. तो नंतर गटारे आणि नद्या यांनी भरून काढला. २६ जुलै २००५ च्या मुंबईतील महापुरानंतर तुंबलेल्या नाल्यांकडे आणि त्यांतील प्लास्टिकच्या पिशव्यांकडे सर्वांचे लक्ष गेले. २०१८ मध्ये महाराष्ट्राने प्लास्टिकच्या पिशव्यांसह अनेक वस्तूंवर बंदी घातली. मातीत मिसळणाऱ्या पापुद्र्याचा शोध पुन्हा सुरू झाला, तो अशा परिस्थितीत. वास्तविक सेलोफेन पूर्णपणे संपला नव्हताच. इंग्लंडच्या कंब्रिया परगण्यातील विगटन येथे त्याचे उत्पादन चालू राहिले आणि तेथेच रोगणाच्या जागी विघटनशील थर देऊन खतात जिरणारा सेलोफेन विकसित झाला. जपानच्या फुतामुरा कंपनीने २०१६ मध्ये हा व्यवसाय विकत घेतला.

प्रश्न उरतो कच्च्या मालाचा. ब्रँडनबर्गर यांच्या पद्धतीला अतिशय शुद्ध, नव्वद टक्क्यांहून अधिक सेल्युलोज असलेला लगदा लागतो आणि तो प्रामुख्याने लाकडातून मिळवला जातो. शेतीच्या टाकाऊ मालात या कसोटीला आपसूक उतरणारी वस्तू एकच: जिनिंगमध्ये रुई निघाल्यावर सरकीला चिकटून राहणारे आखूड तंतू, म्हणजे लिंटर्स. ते जवळपास शुद्ध सेल्युलोजच असते. पण औषधांपासून स्फोटकांपर्यंत त्याला इतकी मागणी असते की त्याला टाकाऊ म्हणवत नाही. उसाच्या चिपाडात सेल्युलोज चाळीस टक्क्यांच्या आसपास. उरलेल्यात लिग्निन आणि इतर शर्करा, त्यांना वेगळे करण्यासाठी पुन्हा रसायने, पाणी आणि उष्णता हवी. शिवाय साखर कारखाना ते चिपाड बॉयलरमध्ये जाळून स्वत:ची वीज भागवतो. गव्हाच्या काडात आणि भाताच्या पेंढ्यात सिलिका असते, ती यंत्रांना त्रास देते. विदर्भातील पऱ्हाटी आणि जळगावकडील केळीची खोडे विपुल आहेत, पण ती शेताशेतांत विखुरलेली. गोळा करून वाहून आणण्याचा खर्चच अनेकदा मालाच्या किमतीवर जातो. कापसाच्या या साऱ्या उपांगांवर मुंबईत माटुंग्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेत दीर्घकाळ काम झाले आहे. तिची स्थापना १९२४ ची, म्हणजे बफेलोचा कारखाना सुरू झाला त्याच वर्षाची.

कार्बन डायसल्फाइड टाळण्याचे मार्गही आता उपलब्ध आहेत. लायोसेल या धाग्यासाठी वापरले जाणारे सेंद्रिय द्रावक सेल्युलोज थेट विरघळवते आणि जवळपास सगळे परत मिळवता येते. अमेरिकेतील साउथ डकोटा राज्य विद्यापीठात केळीची साल आणि इतर कृषी अवशेष यांतील सेल्युलोज झिंक क्लोराइडच्या द्रावणात विरघळवून, कॅल्शियमच्या साहाय्याने त्याची वीण घट्ट करून पापुद्रे बनवण्यात आले. ते मातीत महिन्या-दोन महिन्यांत विरून जातात. तेथेही मऊपणासाठी ग्लिसरीनच लागले! मक्यापासून किंवा उसाच्या साखरेपासून आंबवून केले जाणारे पॉलिलॅक्टिक आम्ल हा दुसरा पर्याय. मात्र ते घरच्या मातीत सहजी जिरत नाही, त्याला सुमारे ५८ अंश तापमानाचा औद्योगिक खतप्रकल्प लागतो. प्रयोगशाळेतील तळहाताएवढा तुकडा आणि यंत्रावरून मैलोगणती निघणारी गुंडाळी यांत जे अंतर असते, ते कापायला ब्रँडनबर्गर यांना दहा वर्षे लागली होती, आणि तीही कच्चा माल हाताशी असताना.

भारत सरकारने एकदाच वापरायच्या काही प्लास्टिक वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी घातली. त्या यादीत मिठाईचे डबे, निमंत्रणपत्रिका आणि सिगारेटची पाकिटे यांच्याभोवती गुंडाळल्या जाणाऱ्या प्लास्टिकच्या पापुद्र्याचा नावानिशी उल्लेख आहे. मिठाई आणि सिगारेट या सेलोफेनच्या सर्वांत जुन्या जागा. पॉलिप्रॉपिलिनने त्या बळकावण्याआधी तेथे ब्रँडनबर्गर यांचाच कागद असे.